वडिलोपार्जित सामान, जुन्या बाजारातील खरेदी की नवे फर्निचर: ठाण्याच्या सदनिकेसाठी निवड कशी करावी?

ओसरी

नमस्कार. वाईतील माझ्या माहेरचे घर येत्या दिवाळीपूर्वी रिकामे करून द्यावयाचे आहे आणि त्यातील लाकडी सामानाची वाटणी आम्हा तिघा भावंडांत चालू आहे. मला हवे ते मी आधी निवडावे, असे दोघा भावांनी मोकळ्या मनाने सांगितले आहे. परंतु नेमके काय निवडावे हेच मला ठरविता येत नाही. याच सुमारास आम्ही (पती, लहान मुलगी आणि मी) ठाण्यात अकराव्या मजल्यावर ६४० चौरस फूट चटई क्षेत्राची सदनिका घेतली असून ओट्याखालच्या कपाटांखेरीज तिच्यात अद्याप काहीही नाही.

वाईला पुढील वस्तू आहेत. पणजोबांच्या काळचा, कातीव खांबांचा शिसवी पलंग. काचेच्या दारांचे सागवानी कपाट, ज्याला आम्ही सारे फडताळ म्हणत आलो. लांब हातांची आणि वेताने विणलेली आरामखुर्ची, जिचे वेत मध्यभागी फाटले आहे. पितळी पट्ट्या मारलेला मोठा पेटारा. हिरव्या रंगाने रंगविलेला पाळणा. आणि आईच्या लग्नात, १९७१ साली घेतलेले लोखंडी कपाट. पेटारा इंग्लंडमध्ये असलेल्या धाकट्या भावाला न्यावयाचा आहे.

माझ्या पतीचे म्हणणे असे की एवढ्याशा घरात जुने सामान कोंबण्यापेक्षा सर्व काही मापाने नवे करून घ्यावे. मला ते पूर्ण पटत नाही, पण केवळ आठवणींसाठी घराची गोदामासारखी अवस्था व्हावी असेही मला वाटत नाही. त्यातच जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात एका दुकानदाराने "दीडशे वर्षांपूर्वीचे" म्हणून एक गोल जेवणाचे मेज दाखविले आणि ८५ हजार रुपये सांगितले. मेज देखणे आहे. ते खरोखर तेवढे जुने आहे का, हे कसे ओळखावे? आणि आमच्यासारख्यांनी जुने, त्याहून जुने आणि नवे यांचा मेळ कसा घालावा? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

रंधा

ताई, आमच्या घरात तीन पिढ्यांपासून सुतारकाम आहे आणि गेली बावीस वर्षे मी पुण्यात जुन्या सामानाच्या दुरुस्तीचेच काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

बाजारात शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला अँटिक आणि साधारण चाळीस ते शंभर वर्षांच्या दरम्यानच्या वस्तूला व्हिंटेज म्हणण्याची पद्धत आहे. त्या हिशोबाने तुमचा पलंग पहिल्या गटात आणि आईंचे कपाट दुसऱ्या गटात मोडेल. परंतु घरात वापरण्यासाठी वस्तू निवडताना वयाचा विचार मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. मी पहिला प्रश्न हा विचारतो की ही वस्तू उद्या बिघडली तर ती उकलून पुन्हा बसविता येईल का?

याचे कारण सांध्यांत आहे. जुन्या सुतारांनी खाचेत कुसू (लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ) बसवून, आरपार लाकडी मेख मारून सांधे केले आणि जेथे चिकटविण्याची गरज होती तेथे सरस वापरला. सरस हा जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला असल्यामुळे उष्णता आणि ओलावा मिळाला की तो मऊ पडतो. खुर्चीचा पाय हलू लागला तर वाफ देऊन सांधा उकलता येतो, जुना सरस खरवडता येतो आणि तोच पाय त्याच खाचेत पुन्हा घट्ट बसतो. फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने पक्का केलेला सांधा असा सहजासहजी सुटत नाही. तो सोडवायला गेल्यास बहुतेक वेळा आजूबाजूचे लाकूड फाटते. पार्टिकल बोर्डाची (लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेल्या फळीची) स्थिती याहून कठीण आहे, कारण बिजागरीचा स्क्रू एकदा उपटला की त्या भोकात तो पुन्हा धरत नाही. माझ्याकडे आठ-दहा वर्षांची तयार कपाटे दुरुस्तीला येतात आणि अनेकदा मला ती परत पाठवावी लागतात. ऐंशी वर्षांची खुर्ची मात्र मी आजवर क्वचितच परत पाठविली आहे.

आता गोल मेजाविषयी. लाकूड आटते ते रुंदीच्या दिशेने, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. म्हणून अखंड फळ्यांचे गोल मेज अनेक दशके उन्हाळे-पावसाळे पाहिल्यावर किंचित लंबगोल होते. मोजपट्टी घेऊन जा, लाकडातील रेषांच्या दिशेने एकदा आणि रेषांना आडवे एकदा असा व्यास मोजा. चार फुटांच्या मेजात काही मिलिमीटरांचा तरी फरक पडायला हवा. दोन्ही मापे तंतोतंत एक आली तर शंका घ्या. नंतर मेज उलटे करून दाखवायला सांगा, कारण पृष्ठभागावर जुनेपणा आणता येतो, पण खालची बाजू सजविण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. हातकरवतीच्या खुणा सरळ आणि कमी-अधिक अंतरावर असतात. यंत्रावरच्या चक्राकार करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळलेल्या दिसतात. फुलीसारख्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आले, तेव्हा मूळचे म्हणून तेच स्क्रू दाखविले जात असतील तर दीडशे वर्षांचा दावा टिकत नाही. अर्थात, मधल्या काळात कोणी दुरुस्ती करताना ते मारलेले असू शकतात. त्या वेळी जुन्या स्क्रूची रिकामी भोके जवळपास सापडतात का ते पाहावे.

एक गोष्ट दुकानदारांच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. मुंबईतील जुन्या इमारती आणि गावोगावचे वाडे पाडले जातात तेव्हा निघालेल्या तुळया आणि खांब यांपासून उत्तम सागवानी सामान तयार होते. ते लाकूड पुरेपूर वाळलेले असल्यामुळे पिळवटत नाही आणि आज तशा प्रतीचे नवे सागवान मिळणे दुर्मीळ व महाग झाले आहे. "जुन्या लाकडाचे नवे मेज" असे सांगून कोणी ते विकत असेल तर ती चांगली खरेदी ठरू शकते. मात्र मग किंमतही नव्या मेजाचीच असली पाहिजे, दीडशे वर्षांची नव्हे.

तुमच्या वस्तूंपैकी पलंग आणि फडताळ मी डोळे झाकून ठेवीन. परंतु त्याआधी किडीची तपासणी करा. पलंगाच्या पायांवर टाचणीच्या डोक्याएवढी भोके असतील तर खाली काळा कागद पसरून आठ दिवस ठेवा. कागदावर पिठासारखा बारीक भुसा पडला तर आत भुंगेरा जिवंत आहे. भोकांच्या आतला रंग काळपट असेल आणि भुसा पडत नसेल तर कीड बहुधा केव्हाच निघून गेली आहे. साग आणि शिसव यांच्या गाभ्याच्या लाकडाला कीड सहसा लागत नाही. सालीलगतचा फिका भाग असेल तेथेच ती शिरते. जिवंत कीड असलेली वस्तू, उपचार केल्याशिवाय, नव्या घरात मुळीच नेऊ नका.

दिंडी दरवाजा

मी डोंबिवलीत अंतर्गत सजावटीचे काम करते. रंधा यांनी लाकडाविषयी जे लिहिले आहे ते मला मान्य आहे, परंतु पलंग डोळे झाकून ठेवावा या मताशी मी सहमत नाही. आधी मापे घ्यावीत.

वाईच्या घरातील खोलीची उंची बहुधा अकरा-बारा फूट असेल. ठाण्याच्या सदनिकेत ती साडेनऊ फुटांच्या आसपास असते आणि पंख्याच्या पात्यांखाली सुमारे आठ फूटच उरतात. मच्छरदाणीच्या खांबांचा पलंग तेथे बसेल का? तो उद्वाहनात (लिफ्टमध्ये) मावेल का? जुने कपाट अखंड असेल आणि उद्वाहनाच्या दारापेक्षा उंच असेल तर अकरा मजले जिन्याने चढवावे लागेल, आणि जिन्याच्या वळणावर ते फिरेल की नाही हेही आधीच मोजून पाहावे लागेल. माझ्या एका ग्राहकाने हौसेने आणलेले कपाट तीन महिने इमारतीच्या वाहनतळात उभे राहिले आणि अखेरीस विकावे लागले. म्हणून वाईला जाताना मोजपट्टी, खोल्यांचा नकाशा आणि उद्वाहनाच्या दाराचे माप या तीन गोष्टी सोबत असू द्या. शिवाय जुन्या पलंगाची रुंदी आजच्या तयार गाद्यांच्या मापाची क्वचितच असते. गादी मापाने शिवून घ्यावी लागेल, हा खर्च धरून चाला.

माझा अनुभव असा की लहान घरात मोठी जुनी वस्तू एका खोलीत एकच शोभते, कारण तिला भोवती मोकळी जागा लागते. बाकीचे सामान साधे, हलके आणि नवे असले तरी चालते; किंबहुना तसेच असावे. ज्या वस्तूंना पाणी, वाफ किंवा रोजची ओढाताण सोसावी लागते, म्हणजे स्वयंपाकघरातील कपाटे, न्हाणीघरातील कप्पे, मुलीच्या अभ्यासाचे मेज, त्या नव्याच घ्या. तेथे प्लायवूड घेताना ओलाव्याच्या जागी आयएस ७१० या भारतीय मानकाची आणि कोरड्या जागी आयएस ३०३ ची खूण पाहून घ्या. नुसते "मरीन (पाण्यात टिकणारे) आहे" या शब्दावर विसंबू नका. नव्या प्लायवूडला आणि एमडीएफला (लाकडाच्या बारीक तंतूंच्या दाबलेल्या फळीला) जो उग्र वास येतो तो गोंदातील फॉर्मल्डिहाइड या अपायकारक वायूचा असतो. लहान मूल असल्यामुळे काम संपल्यावर किमान दोन-तीन आठवडे खिडक्या उघड्या ठेवून मगच राहायला जावे.

जेवणाच्या मेजासाठी ८५ हजार घालविण्याऐवजी, मेज नवे करून भोवती वाकविलेल्या लाकडाच्या जुन्या खुर्च्या घ्याव्यात असे मी सुचवीन. इराणी हॉटेलांमुळे मुंबईकरांच्या त्या चांगल्या परिचयाच्या आहेत. जर्मन-ऑस्ट्रियन फर्निचर-कारागीर मायकेल थॉनेट यांनी १८५९ मध्ये वाफेने लाकूड वाकवून ज्या चौदा क्रमांकाच्या खुर्चीची रचना केली, तिच्याच वंशातल्या या खुर्च्या आहेत. त्या स्क्रूने जोडलेल्या असल्यामुळे पूर्ण सुट्या होतात आणि एका हाताने उचलता येतात. भेंडीबाजाराजवळच्या चोरबाजारात त्या अजून दिसतात. फक्त मटण स्ट्रीटवरील पक्की दुकाने शुक्रवारी बंद असतात, हे लक्षात ठेवावे.

आईंच्या लोखंडी कपाटाविषयी कोणी लिहिले नाही. गोदरेजने १९२३ पासून पोलादी कपाटे बनविण्यास सुरुवात केली आणि पुढे मराठी मध्यमवर्गीय घरात लग्नाबरोबर कपाट येणे ही जवळजवळ रीतच झाली. तुमचे कपाट कोणत्याही कंपनीचे असो, त्या काळचा पत्रा जाड असतो. त्याला वाळवी लागत नाही आणि कुलूप-बिजागऱ्या बदलता येतात. गंज वरवरचा असेल तर घासून, नव्याने रंग देऊन ते आणखी तीस वर्षे सहज चालेल. वस्तू भावनेची आणि उपयोगाची अशी दोन्ही असेल तर ती सोडू नये.

किनारा

मी फोंड्याजवळ राहतो. आरामखुर्चीविषयी लिहितो, कारण तिच्याबाबत मी स्वतः मोठी चूक केली आहे.

गोव्यातील जुन्या घरांत अशा खुर्च्या पुष्कळ आढळतात. चांदोरच्या मिनेझिस ब्रागांझा वाड्यातील किंवा लोटलीच्या फिगेरेदो वाड्यातील दालने पाहिली तर वेताची बैठक आणि शिसवी चौकट यांचा मेळ आपल्या हवेला किती योग्य आहे ते कळते. बैठक जाळीची असल्यामुळे पाठीला वारा लागतो आणि चौकटीचे वजन वाढत नाही. आमच्या घरीही आजोबांची अशीच खुर्ची होती. वेत फाटले म्हणून मी ती गावाबाहेरच्या एका कारागिराकडे दिली. त्याने न विचारता जुने वेत काढून तेथे प्लायवूड ठोकले, वर स्पंज आणि रेक्झिन लावले आणि "एकदम नवी" दिसावी म्हणून सारे लाकूड यंत्राने घासून त्यावर चकचकीत थर दिला. शंभर वर्षांत हातांच्या स्पर्शाने जो मऊ, खोल काळसर रंग आला होता, तो एका दुपारी गेला. वेत ओवण्याची भोके बुजविली गेल्यामुळे ती पुन्हा पाडून घेण्यासाठी मला दुसऱ्या कारागिराकडे जावे लागले. रंग मात्र परत आला नाही.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की खुर्ची दुरुस्तीला देताना काय करायचे याबरोबर काय करायचे नाही हेही लिहून द्या. यंत्राने तयार विणलेली वेताची जाळी गुंडाळीने मिळते. ती चौकटीच्या कडेला कोरलेल्या खाचेत दाबून बसवितात. हाताने विणलेल्या खुर्चीच्या चौकटीला मात्र ओळीने भोके असतात आणि त्यांतून एकेक वेत ओवावे लागते. तुमच्या खुर्चीला भोके आहेत की खाच, ते आधी पाहा आणि तिच्या जातीचीच दुरुस्ती मागा. वेत विणून झाल्यावर वर्षातून दोन-तीनदा बैठकीच्या खालच्या बाजूने ओल्या फडक्याने पुसावे आणि सावलीत वाळू द्यावे. फार कोरडे पडलेले वेत तुटते.

लाकडावर मूळचे लाखेचे पॉलिश आहे का, हे तपासण्याचा सोपा उपाय म्हणजे न दिसणाऱ्या जागी कापसाने थोडे स्पिरिट लावून पाहणे. लाख असेल तर पृष्ठभाग चिकट होतो आणि कापसावर रंग येतो. मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन अशा आधुनिक कृत्रिम पॉलिशच्या थरावर स्पिरिटचा तसा परिणाम होत नाही.

रंधा

दिंडी दरवाजा यांचा मापांचा मुद्दा योग्य आहे आणि तो मी आधी लिहावयास हवा होता. पलंगाबाबत एवढेच सांगतो की मच्छरदाणीचे खांब बहुतेक वेळा वेगळे बसविलेले असतात आणि ते न कापता काढता येतात. ते काढून कापडात गुंडाळून ठेवावेत; कापू मात्र नयेत. चारही बाजूंच्या पट्ट्या सुट्या होत असल्यामुळे पलंग उद्वाहनातून नेणे अवघड जाणार नाही. उकलताना प्रत्येक सांध्याच्या दोन्ही तुकड्यांवर आतल्या बाजूस खडूने एकच आकडा लिहा, कारण हाताने केलेला कुसू केवळ त्याच्याच खाचेत नीट बसतो. कित्येकदा जुन्या सुताराने पटाशीने कोरलेल्या रेघाही तेथे सापडतात. त्या याच कामासाठी असतात.

लाखेच्या पॉलिशाविषयी थोडी भर घालतो. ते सुंदर दिसते आणि पुन्हा वर थर देऊन दुरुस्त करता येते, म्हणून पलंग, फडताळ आणि खुर्ची यांवर तेच असावे. परंतु गरम भांड्याने आणि पाण्याने त्यावर पांढरे डाग पडतात. रोज जेवणाच्या मेजावर ते टिकणार नाही. तेथे नवा, पाण्याला दाद न देणारा थरच योग्य. दादर-माटुंग्याकडच्या १९३० ते १९५० च्या घरांतील गोलाकार कडांचे सामान कोणी तुम्हाला देऊ केले, तर ते जरूर पाहा, मात्र त्यावर बहुधा पातळ व्हिनिअर (चांगल्या लाकडाचा चिकटविलेला पापुद्रा) असते. ते घासून काढण्याची परवानगी कोणालाही देऊ नका. खालचे साधे लाकूड उघडे पडले की उपाय उरत नाही.

बंदर

निर्यातीच्या कागदपत्रांशी माझा कामानिमित्त संबंध येतो, म्हणून पेटाऱ्यापुरते लिहितो. पुरावस्तू व कलासंपदा अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या, कला किंवा कारागिरीच्या दृष्टीने महत्त्वाच्या वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. वस्तू वडिलोपार्जित आहे किंवा ती विकावयाची नाही, यामुळे त्यात सूट मिळत नाही. पेटारा तेवढा जुना नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र मिळविता येते, आणि ते सामान पाठविण्याआधीच घ्यावे लागते. शिवाय पेटारा शिसवी असल्यास आणखी एक नियम लागू होतो: २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या डालबर्जिया या संपूर्ण वंशाचा समावेश वन्य प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात (ज्यांच्या निर्यातीवर परवान्याचे नियंत्रण असते अशांच्या यादीत) झाला आहे. तेव्हा आधी लाकूड कोणते आणि वय किती, या दोन्हींची खात्री करून घ्यावी. भावाने इंग्लंडला एखादी सागवानी लहान पेटी न्यावी आणि मोठा पेटारा आपल्याकडे ठेवावा, असा मार्ग मला अधिक सुरक्षित वाटतो.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या रविवारी मोजपट्टी घेऊन जोगेश्वरीला गेले. मेजाचा व्यास दोन्ही दिशांनी एकच भरला आणि खालच्या बाजूस कमानीसारख्या खुणा स्पष्ट दिसल्या, म्हणून ते घेण्याचा विचार सोडला. आमचे असे ठरले आहे की शयनगृहात पलंग, बैठकीत फडताळ आणि आरामखुर्ची, आईचे कपाट मुलीच्या खोलीत, आणि जेवणाचे मेज व बाकीचे सारे नवे. पतीनेही नकाशावर सामान मांडून पाहिल्यावर याला मान्यता दिली. पेटारा भारतातल्या मोठ्या भावाकडे राहील.

एक प्रश्न उरला आहे. वहिनीला जानेवारीत बाळ होणार आहे आणि तिला तो हिरवा पाळणा हवा आहे. त्याचा रंग ठिकठिकाणी सुटला आहे. नुसता वरून नवा रंग देऊन चालेल का?

रंधा

वरून रंग देऊन चालणार नाही, ताई. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या तैलरंगांत, विशेषतः हिरव्या-पिवळ्या-लाल छटांत, शिसे भरपूर असण्याची शक्यता असते, आणि दात येणारे बाळ पाळण्याची कड चावते. सुटणारा रंग खाली राहिला तर वरचा नवा थरही त्याच्यासकट सुटेल.

कोरडा पॉलिश कागद मारून तो रंग घासू नका आणि बर्नरने जाळून तर मुळीच काढू देऊ नका, कारण धूळ किंवा वाफ श्वासातून आत जाते. रंग काढण्याचे रसायन लावून, तो मऊ झाल्यावर पत्र्याने ओला असतानाच खरवडावा आणि निघालेला सारा गाळ कागदात बांधून वेगळा टाकावा. हे काम घराबाहेर, मोकळ्या जागी आणि वहिनी तेथे नसताना व्हावे. रंग निघाल्यावर खाली काय लाकूड आहे ते दिसेल. साग असेल तर रंग न देता नुसता लाखेचा पातळ हात पुरेल. साखळ्या आणि कड्या मात्र जुन्या वापरू नका, त्या नव्या घ्या. जानेवारीपर्यंत वेळ आहे, पण दिवाळीच्या आधी पाळणा माझ्याकडे किंवा वाईतल्या एखाद्या जाणत्या सुताराकडे पोहोचला तर काम घाईने करावे लागणार नाही.